जेनेसी नदीची दरी

अमेरिकेंतील दरी म्हटली कीं आपल्याकडील सुशिक्षित माणसाला एकच नांव आठवतें : ॲरिझोनांतील कोलोरॅडो नदीची ती अजस्र दरी. तिचीं चित्रें आपण इतकीं पाहिलेलीं असतात कीं, त्या देशांत दुसरीही एखादी दरी असेल हें सहसा मनांत येत नाहीं. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें ती दरी त्या थोरलीपुढें अगदींच धाकटी. लांबी सुमारें सतरा मैल; कडा जेथें सर्वांत उंच तेथेंही उंची सहाशें फुटांच्या आंतबाहेर. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागांत, रॉचेस्टर शहराच्या दक्षिणेस, जेनेसी नांवाच्या नदीनें ती कोरली आहे. न्यूयॉर्क म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढें गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. पण तें शहर झालें. त्याच नांवाचें राज्य फार मोठें आहे, आणि त्याच्या या टोंकाला शेतें, जंगलें, द्राक्षांचे मळे आणि तळीं आहेत. तिकडील लोक या दरीला कौतुकानें 'पूर्वेकडील ग्रँड कॅनियन' म्हणतात. नातवाला आजोबांचें नांव ठेवावें, त्यांतलाच तो प्रकार. परंतु दरी लहान असली तरी तिचा इतिहास लहान नाहीं.

प्रथम नदीकडे पाहूं. जेनेसी पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरांत उगम पावते आणि सरळ उत्तरेकडे वाहत जाऊन ऑन्टारिओ सरोवराला मिळते. 'जेनेसी' हा शब्द सेनेका लोकांच्या भाषेंतील. त्याचा अर्थ 'रम्य दरी' असा सांगतात. पोर्टेजव्हिल नांवाच्या खेड्याजवळ ही शांत नदी एकाएकीं दोन कड्यांच्या मध्यें शिरते आणि दोनअडीच मैलांच्या अंतरांत तीन वेळां खालीं उडी घेते. वरचा धबधबा सुमारें सत्तर फुटांचा, मधला एकशें सात फुटांचा आणि खालचा पुन्हां सत्तर फुटांच्या जवळपास. मधला सर्वांत रुंद व देखणा. सूर्यप्रकाश असेल तेव्हां त्याच्या तुषारांवर इंद्रधनुष्य दिसतें. सेनेका लोकांत अशी आख्यायिका होती कीं, तो पाहण्यासाठीं सूर्य दररोज माध्यान्हीं क्षणभर थबकतो.

हे कडे ज्या खडकाचे आहेत तो खडक एका प्राचीन समुद्राच्या तळाशीं सांचलेला चिखल आणि वाळू होय. त्याला छत्तीस-सदतीस कोटि वर्षें झालीं. वहीचीं पानें एकावर एक रचावींत तसे पाटीच्या दगडाचे आणि वालुकाश्माचे थर कड्यांत स्पष्ट दिसतात. खडक इतका पुरातन, पण दरी मात्र अगदीं अलीकडची! गेल्या हिमयुगाच्या अखेरीस, म्हणजे सुमारें बारा हजार वर्षांपूर्वीं, बर्फाचे प्रचंड थर मागें हटले तेव्हां त्यांनीं वाहून आणलेला दगडमातीचा ढीग नदीच्या जुन्या पात्रांत आडवा पडून राहिला. वाट अडल्यावर नदीनें बाजूच्या खडकांतून नवी वाट काढली. म्हणून येथील कडे इतके उभे आहेत. जुन्या नदीचे कांठ कालानें झिजून उतरते होतात. हिला अजून तेवढा अवकाश मिळालेला नाहीं. धबधबेही जागचे स्थिर नाहींत. पाण्याच्या माऱ्यानें खालचा मऊ थर झिजतो, वरचा टणक थर निराधार होऊन कोसळतो, आणि धबधबा एकेक पाऊल मागें सरतो.

तिन्ही धबधबे ओलांडल्यावर खालीं मध्येंच ही दरी रुंदावते आणि नदीच्या दोन्ही अंगांस गाळाची सपाट, काळीभोर जमीन लागते. या जागेला गार्डो म्हणतात. या जागीं एका बाईचा संसार झाला. तिची हकीकत सांगितल्यावांचून या दरीचा इतिहास सांगतांच येत नाहीं.

ही सारी भूमि सेनेका लोकांची. इरोक्वॉय नांवानें जो सहा राष्ट्रांचा संघ इतिहासांत प्रसिद्ध आहे, त्यांतील हें सर्वांत पश्चिमेकडील राष्ट्र. म्हणून त्यांना संघाच्या पश्चिम दरवाज्याचे राखणदार म्हणत. मका, घेवडा आणि भोपळा हीं त्यांचीं तीन मुख्य पिकें. तीं एकाच वाफ्यांत लावीत आणि त्यांना 'तिघी बहिणी' म्हणत. शेती बायकांच्या हातीं होती. कुळ आईवरून चाले. सरदार पुरुष असत. पण त्यांना नेमण्याचा आणि काढून टाकण्याचाही अधिकार कुळांतील वडील स्त्रियांकडे असे.

त्यांच्यांत आणखी एक रीत होती. लढाईंत घरांतील कोणी मारला गेला तर पकडून आणलेल्या एखाद्या कैद्याला त्याच्या जागीं दत्तक घ्यावयाचें. मेरी जेमिसन ही मुलगी अशीच सेनेका झाली. आईबाप आयर्लंडहून अमेरिकेस निघाले असतांना १७४३ सालीं जहाजावर, भर समुद्रांत, तिचा जन्म झाला. कुटुंब पेन्सिल्व्हेनियाच्या सरहद्दीवर शेती करून राहिलें. त्या काळीं इंग्रज आणि फ्रेंच यांचें युद्ध चाललें होतें. १७५८ च्या वसंतांत फ्रेंच आणि शॉनी लोकांच्या एका टोळीनें त्यांच्या घरावर छापा घातला. (मेरीच्या स्वतःच्या आठवणींत हें साल १७५५ आहे, पण म्हातारपणीं सांगितलेल्या सालांचें असेंच होतें.) आईबाप आणि भावंडें वाटेंत मारलीं गेलीं, दोघे भाऊ तेवढे निसटले. मेरीला ओहायो नदीच्या कांठीं दोन सेनेका बहिणींच्या स्वाधीन करण्यांत आलें. त्यांचा भाऊ लढाईंत पडला होता. त्यांनीं तिला नदींत स्नान घातलें, नवे कपडे दिले, भावासाठीं मोठ्यानें शोक केला, आणि शोक संपल्यावर तिला बहीण म्हणून घरांत घेतलें. तिचें नांव त्यांनीं देहगेवानस ठेवलें. त्याचा अर्थ 'पडत जाणारे दोन स्वर' असा करतात.

पुढें एका डेलावेअर तरुणाशीं तिचें लग्न झालें. पाठीवर तान्हें मूल बांधून ती ओहायोच्या मुलखांतून शेंकडों मैल चालत जेनेसीच्या कांठीं, आपल्या दत्तक घराण्याच्या गांवीं आली. नवरा मागाहून यावयाचा होता, तो वाटेंतच वारला. तिनें सेनेका योद्धा हायोकाटू याच्याशीं दुसरें लग्न केलें. गोऱ्यांच्या जगांत परत जाण्याची संधि तिला एकदां नव्हे, अनेकदां आली. ती गेली नाहीं. आपलीं मुलें तिकडे तुच्छ लेखलीं जातील, अशी तिला भीति होती, आणि त्या काळचा समाज पाहतां ती भीति खोटी होती असें कोण म्हणेल?

१७७९ सालीं, अमेरिकन राज्यक्रांतीच्या धामधुमींत, सेनापति सलिव्हन यानें वॉशिंग्टनच्या हुकमावरून इरोक्वॉयांच्या मुलखांत स्वारी केली. सेनेका लोक इंग्रजांच्या बाजूचे होते. सलिव्हनच्या सैन्यानें गांवेंच्या गांवें जाळलीं, उभा मका कापला, फळझाडें तोडलीं. जेनेसीकांठचें मोठें गांव हें या स्वारीचें शेवटचें टोंक. लढाईंत मेलीं त्याहून कितीतरी अधिक माणसें पुढच्या हिंवाळ्यांत उपासमारीनें आणि थंडीनें मेलीं. अमेरिकन इतिहासाचीं शालेय पुस्तकें बराच काळ हें प्रकरण दोन ओळींत आटपीत असत.

गांव बेचिराख झाल्यावर मेरी मुलांना घेऊन निघाली ती या गार्डोच्या सपाटीवर आली. तेथें दोन नीग्रो गुलाम पळून येऊन शेती करीत होते. त्यांच्या मक्याचीं कणसें सोलून देण्याचें काम तिनें पत्करलें आणि मजुरीदाखल मिळालेल्या धान्यावर तो भयंकर हिंवाळा काढला. एक पोरकी आयरिश मुलगी, सेनेका झालेली. दोन निसटलेले गुलाम. आणि भोंवतालीं जळालेला प्रदेश! त्या राष्ट्राच्या जन्मकाळचें असेंही एक चित्र आहे. तें फारसें कोणी रंगवीत नाहीं, म्हणून मुद्दाम सांगितलें.

गार्डोची ती जमीन पुढें तिचीच झाली. १७९७ सालीं बिग ट्री येथील तहानें सेनेका लोकांनीं जेनेसीच्या पश्चिमेकडील जवळजवळ सारा मुलूख एक लाख डॉलरांना दिला आणि आपल्यासाठीं कांहीं तुकडे राखून ठेवले. त्या सभेंत मेरीनें आपला हक्क मांडला. रेड जॅकेट या वक्तृत्वाविषयीं प्रसिद्ध असलेल्या सरदारानें विरोध केला, तरी तिचें म्हणणें मान्य झालें. सीमा मोजल्यावर तो तुकडा निघाला १७,९२७ एकरांचा! त्या काळीं गोऱ्या समाजांत विवाहित स्त्रीला आपल्या नांवावर जमीन ठेवणें कायद्यानें दुरापास्त होतें. सेनेकांच्या घरांत राहिलेली ही बाई मात्र एका अख्ख्या खोऱ्याची मालकीण झाली.

पण हें वैभव टिकलें नाहीं. घरांत दारू शिरली. मुलांमुलांत वैर वाढलें. जॉन या मुलानें १८११ सालीं आपला थोरला भाऊ थॉमस याला आणि पुढच्याच वर्षीं धाकटा भाऊ जेसी याला ठार केलें. १८१७ सालीं तो स्वतः मारला गेला. तिन्ही मुलगे गेले. त्याच साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळानें कायदा करून मेरीला नागरिकत्व दिलें आणि तिचा जमिनीवरील हक्क पक्का केला. वरवर हा सन्मान. पण हक्क पक्का झाल्यावांचून जमीन विकतां येत नाहीं, हें तो कायदा करून घेणाऱ्यांना ठाऊक होतें. १८२३ सालीं दोन चौरस मैल सोडून बाकीची सारी जमीन तिच्या हातून गेली. मोबदल्यांत तिला वर्षाला तीनशें डॉलर मिळावयाचे होते. उरलेला तुकडाही १८३१ त देऊन ती बफेलोजवळच्या सेनेका वस्तींत गेली आणि १८३३ च्या सप्टेंबरांत वारली.

जमीन गेली त्याच वर्षीं जेम्स सीव्हर नांवाचा एक डॉक्टर तिची हकीकत लिहून घेण्यास आला. ऐंशीं वर्षांची ती म्हातारी चार मैल चालत त्याच्याकडे गेली आणि तीन दिवस बोलत राहिली. १८२४ सालीं तें पुस्तक निघालें आणि घरोघर वाचलें गेलें. तें वाचतांना एक सावधगिरी बाळगावी लागते. बोलणारी मेरी, पण लेखणी सीव्हरची. आणि सीव्हरला वाचकांची आवड ठाऊक होती. तरीही कणसें सोलण्यासारख्या, मुद्दाम रचून सांगण्यास कोणाला सुचणार नाहींत अशा गोष्टींतून तिचा खरा आवाज ऐकूं येतो.

सेनेका गेले आणि दरी उद्योगी लोकांच्या हातीं आली. धबधब्याच्या कांठीं लाकडाच्या गिरण्या बसल्या; कड्यांवरचीं झाडें तुटूं लागलीं. जेनेसीच्या खोऱ्यांतून कालवा काढण्याचें काम निघालें. दरीपाशीं डोंगर फोडून बोगदा करण्याचा प्रयत्न झाला. पण खडक इतका ठिसूळ कीं तो सोडून द्यावा लागला, आणि कालवा कड्याच्या अंगानेंच खोदावा लागला. एवढ्या खटाटोपानें केलेला तो कालवा रेल्वेपुढें टिकला नाहीं. १८७८ सालीं तो बंद झाला.

रेल्वे मात्र दरी ओलांडून गेली. १८५२ सालीं वरच्या धबधब्याच्या डोक्यावर एक लांकडी पूल उभा राहिला : उंची २३४ फूट, लांबी आठशें फूट, आणि सारा लांकडाचा! असा पूल पूर्वीं कोणी पाहिला नव्हता. तो पाहण्यासाठींच लोक गाडीनें येत. १८७५ च्या मे महिन्यांत एका पहांटे त्याला आग लागली आणि कांहीं तासांत तो जळून दरींत पडला. कंपनीनें तीन महिन्यांच्या आंत, जुलै अखेरीस, त्याच जागीं लोखंडी पूल उभा करून गाड्या सुरू केल्या.

त्या लांकडी पुलाच्या काळांत आलेल्या प्रवाशांपैकीं एक म्हणजे विल्यम प्रायर लेचवर्थ. बफेलो शहरांत घोड्यांच्या साजाला लागणाऱ्या लोखंडी व पितळी सामानाचा त्याचा कारखाना होता. जन्म १८२३ चा. घराणें क्वेकर पंथाचें, म्हणजे साधेपणा आणि परोपकार हे घरांतले संस्कार. धंद्यांत पैसा भरपूर मिळाला होता, लग्न केलेलें नव्हतें, आणि मनाला विसांव्याची जागा हवी होती. १८५९ सालीं मधल्या धबधब्याच्या कांठचें एक जुनें घर व भोंवतालची जमीन त्यानें विकत घेतली. तुषारांवरील इंद्रधनुष्यावरून त्या जागेला त्यानें 'ग्लेन आयरिस' हें नांव दिलें. आयरिस ही ग्रीक लोकांची इंद्रधनुष्याची देवता. पुढें तो लागून असलेली जमीन घेत गेला. गिरण्या हलविल्या, उजाड झालेल्या कड्यांवर झाडें लावलीं, पायवाटा केल्या. आणि विशेष हें कीं, स्वतःच्या मालकीच्या या जागेंत त्यानें लोकांना येऊं दिलें. कुंपण घालण्याचा हक्क असलेल्या माणसानें कुंपण न घालणें ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाहीं.

१८७३ सालीं धंदा सोडून लेचवर्थ राज्याच्या धर्मादाय मंडळावर गेला. त्या काळीं अनाथ मुलांना वेडे, म्हातारे आणि दारुडे यांच्याबरोबर एकाच दरिद्रालयांत कोंडीत असत. लेचवर्थनें राज्यांतलीं हीं दरिद्रालयें हिंडून पाहिलीं, अहवाल लिहिले, आणि १८७५ सालीं मुलांना तेथून काढण्याचा कायदा झाला. पुढें दहा वर्षें तो मंडळाचा अध्यक्ष होता. वेड्यांचीं इस्पितळें पाहण्यासाठीं युरोपभर हिंडून त्यानें मोठा ग्रंथ लिहिला. अपस्मारी रोग्यांसाठीं वसाहत निघावी म्हणून खटपट केली. येवढा सारा खटाटोप करून तो परत यावयाचा तो या धबधब्यापाशीं.

आपण जेथें राहतों ती भूमि पूर्वीं कोणाची, हा प्रश्न त्या पिढीच्या फार थोड्या धनिकांना पडला. लेचवर्थला तो पडला. दरीच्या वर कनेडिया येथें सेनेका लोकांचें जुनें सभागृह मोडकळीस आलेलें होतें. मोठमोठ्या ओंडक्यांचें तें घर त्यानें एकेक ओंडका सुटा करून आपल्या जागेंत आणलें आणि पूर्वींप्रमाणें उभें केलें. १ ऑक्टोबर १८७२ रोजीं तेथें सेनेका आणि मोहॉक लोकांची सभा भरली. रेड जॅकेट, मोहॉक सरदार जोसेफ ब्रँट आणि मेरी जेमिसन यांचे वंशज एका अग्नीभोंवतीं बसले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष मिलर्ड फिलमोर त्या सभेस हजर होते. राज्यक्रांतीच्या युद्धापासून सेनेका व मोहॉक घराण्यांत जो दुरावा होता तो तेथें त्यांनीं हात मिळवून संपविला. बोलणीं बहुतेक सेनेका भाषेंत झालीं. लेचवर्थला त्यांनीं आपल्यांत घेतलें आणि नेहमीं योग्य तेंच करणारा, अशा अर्थाचें नांव दिलें.

त्यानंतर दीड वर्षानें, १८७४ सालीं, मेरी जेमिसनच्या अस्थि बफेलोहून येथें आणण्यांत आल्या. बफेलोची जुनी सेनेका दफनभूमि शहराच्या वाढीखालीं जाऊं लागली होती, आणि तिच्या नातवंडांच्या संमतीनें सभागृहाशेजारीं तिला दुसऱ्यांदा मूठमाती मिळाली. गार्डोची मालकीण अशा रीतीनें दरींत परत आली. पण ती दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनींत, हें विसरतां येत नाहीं.

आतां या कथेंतील खरा पेंच. रॉचेस्टर शहर याच नदीच्या कांठीं, खालच्या अंगाला वसलेलें. तेथील पिठाच्या गिरण्या आणि पुढें विजेचे कारखाने या पाण्यावर चालत. परंतु नदी लहरी. वसंतांत बर्फ वितळलें कीं पूर. १८६५ सालीं तर शहराचा मध्यभाग पाण्याखालीं गेला होता. उन्हाळ्यांत पाणी इतकें कमी कीं चाकें फिरेनात. तेव्हां वर दरीच्या तोंडाशीं धरण बांधून पाणी सांठवावें आणि वर्षभर सारखें सोडावें, ही कल्पना सुचणें अगदीं स्वाभाविक होतें. १८९८ सालीं 'जेनेसी रिव्हर कंपनी'ला तसा परवानाही मिळाला. धरणाची जागा पोर्टेजपाशीं, म्हणजे तिन्ही धबधब्यांच्या डोक्यावर. तेथें भिंत उभी राहिली असती तर धबधबा पडावयाचा कीं नाहीं हें कंपनीच्या दारें उघडण्यावर अवलंबून राहिलें असतें.

धरण मागणारे लोक दुष्ट होते असें समजण्याचें कारण नाहीं. पुरानें ज्यांचीं दुकानें वाहून गेलीं आणि पाण्याअभावीं ज्यांचे कामगार घरीं बसले, त्यांना इंद्रधनुष्याची महती सांगणें सोपें नव्हतें. पण पुराचें नांव पुढें करून विजेचा नफा खासगी कंपनीच्या पदरांत पडणार होता, हेंही तितकेंच खरें. लेचवर्थ तेव्हां पंचाहत्तरीचा झाला होता. आपल्या मागें ही जागा वारसांच्या हातीं गेली तर कंपनी ती आज ना उद्यां घेणार, हें त्यानें ओळखलें. एकच उपाय उरला : जमीन राज्यालाच द्यावयाची. राज्यानें ती जनतेच्या उद्यानासाठीं एकदां स्वीकारली कीं तीवर धरणासाठीं हात घालणें कंपनीला जड जाईल.

त्याप्रमाणें १९०६ च्या अखेरीस त्यानें आपली एक हजार एकर जमीन, घर, सभागृह, झाडें, सर्व कांहीं न्यूयॉर्क राज्याला देऊं केलें. अट एवढीच कीं, हयात असेपर्यंत आपल्याला तेथें राहूं द्यावें आणि व्यवस्था 'अमेरिकन सीनिक अँड हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन सोसायटी'कडे असावी. फुकट मिळणारी देणगी घेण्यास कोण नाहीं म्हणेल, असें आपणांस वाटेल. परंतु देणगी घेतली तर धरण अडतें हें सर्वांना ठाऊक असल्यामुळें त्या बिलावर वाद झालाच. अखेर जानेवारी १९०७ मध्यें नवे गव्हर्नर चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांच्या सहीनें देणगी स्वीकारली गेली. कंपनीचा परवानाही पुढें थोड्याच वर्षांत रद्द झाला, आणि पोर्टेजचें धरण कागदावरच राहिलें.

सप्टेंबर १९१० मध्यें मेरी जेमिसनच्या समाधीवर हेन्री कर्क बुश-ब्राऊन या शिल्पकाराचा कांस्य पुतळा बसविण्यांत आला : पाठीवर मूल बांधून जेनेसीच्या वाटेवर चालणारी तरुणी. लेचवर्थनें तो आपल्या खर्चानें करविला होता. त्याच वर्षीं १ डिसेंबरला, वयाच्या सत्त्याऐशीव्या वर्षीं, ग्लेन आयरिसमध्येंच तो वारला.

हजार एकरांची देणगी आज चौदा हजार एकरांच्या वर गेली आहे आणि 'लेचवर्थ स्टेट पार्क' या नांवानें ओळखली जाते. ही वाढ मुख्यतः पुढील कांहीं दशकांत झाली. १९३० नंतरच्या मंदींत लक्षावधि तरुण बेकार झाले तेव्हां अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' नांवाचें पथक काढलें. महिना तीस डॉलर पगार. त्यांतले पंचवीस परस्पर घरीं आईबापांना. १९३३ ते १९४१ या काळांत या दरींत त्या मुलांच्या छावण्या होत्या. कड्यांच्या कडेनें आज जी दगडी भिंत लागते, खालच्या धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या, त्याच्या थोडें खालीं नदीवरील कमानदार दगडी पूल, लांकडी झोंपड्या, सहलीचे निवारे हें बहुतेक काम त्यांच्या हातचें. दगड तेथलाच, म्हणून भिंत कोठें संपते आणि कडा कोठें सुरू होतो हें लौकर कळत नाहीं.

आपल्यापैकीं कोणाचा मुलगा अगर सून शिकण्यासाठीं त्या बाजूला असेल, आणि हल्लीं अशीं घरें थोडीं नाहींत, तर त्यांना या दरीचें नांव अवश्य कळवावें. पायीं हिंडण्यास तेथें एकूण साठ मैलांहून अधिक वाटा आहेत. त्यांत पश्चिम कड्याच्या कांठानें जाणारी सात मैलांची वाट मुख्य. तिन्ही धबधबे आणि बहुतेक सारे देखावे तिच्यावर येतात. पायऱ्या उतरणें सोपें, चढतांना गुडघ्यांची परीक्षा होते. तंबू ठोकून राहण्याची जागा उत्तरेच्या बाजूला, धबधब्यांपासून बरीच दूर आहे. तेथें अडीचशेंहून अधिक तंबूंची सोय आहे, शिवाय राहण्यास लांकडी झोंपड्या मिळतात. लेचवर्थचें घर १९१४ पासून उतारूंसाठीं खाणावळ झालें आहे, आणि समोर त्याच्या संग्रहाचें वस्तुसंग्रहालय आहे. ऑक्टोबरांत मेपलचीं पानें लाल-पिवळीं होतात तेव्हां गर्दी लोटते. एक सूचना मात्र : कांठाचा दगड पाटीसारखा सुटतो, त्यामुळें भिंतीपलीकडे पाऊल टाकूं नये.

धरण कायमचें टळलें असें मात्र झालें नाहीं. दरीच्या अगदीं खालच्या तोंडाशीं, माउंट मॉरिस गांवाजवळ, १९४८ ते १९५२ या काळांत सरकारी इंजिनियरांनीं सुमारें हजार फूट लांबीची आणि सव्वादोनशें फुटांहून उंच अशी कॉंक्रीटची भिंत बांधली. पण हें धरण निराळ्या जातीचें आहे. तेथें वीज होत नाहीं आणि एरव्हीं पाणी सांठवीत नाहींत. नदी दारांतून सरळ वाहत असते. पूर आला म्हणजे तेवढें पाणी दरींत अडवून ठेवावयाचें आणि मागाहून हळूहळू सोडावयाचें. रॉचेस्टरला जें हवें होतें त्यांतील पुराचें रक्षण त्याला असें मिळालें, तेंही धबधब्यांना धक्का न लावतां. त्याची किंमत गार्डोच्या बाजूच्या सपाटीनें दिली. तेथें पाणी केव्हां चढेल याचा नेम राहिला नाहीं, आणि सेंट हेलेना नांवाचें, आधींच ओसरत चाललेलें खेडें पार नाहींसें झालें.

या भिंतीची खरी कसोटी जून १९७२ मध्यें लागली. ॲग्नेस नांवाच्या वादळाचा पाऊस या खोऱ्यांत इतका पडला कीं, सतरा मैलांची दरी कांठोकांठ भरत आली. भिंतीवरून पाणी वाहूं लागलें असतें तर तें आवरणें कोणाच्या हातीं राहिलें नसतें. म्हणून दारें उघडून पाणी सोडावें लागलें. खालच्या गांवांत पाणी शिरलें, नुकसान झालें, पण रॉचेस्टर वांचलें. पूर ओसरला तेव्हां दरीच्या खालच्या भागांत झाडांचे ओंडके आणि गाळ यांचा खच पडला होता.

वरच्या धबधब्यावरील लोखंडी पुलाच्या खांबांवरचा सांगाडा १९०३ सालीं पोलादाचा केला गेला, आणि त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें मालगाड्या त्यावरून मुंगीच्या पावलांनीं जात राहिल्या. शेवटीं शेजारीं पोलादी कमानीचा नवा पूल उभारला गेला. या कमानीचा एकही खांब नदीच्या पात्रांत उतरत नाहीं. डिसेंबर २०१७ मध्यें त्यावरून पहिली गाडी गेली, आणि पुढील वर्षीं जुना पूल उतरविण्यांत आला.